हिरवी कोल्हापुरी

टेम्पो सुरू झाला. मागचा फाळका बंद झाला, फ्रिज दोरीनं आवळून बांधला, तुळशीची कुंडी माझ्या पायांशी येऊन बसली, आणि आमची आई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. कडेला नव्हे, मधोमध. जणू तिनं एकटीनं हात आडवा धरला की भिवंडीच जागची सरकून इचलकरंजीच्या वेशीवर येणार होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"वाजवू नगंस," आई त्याला म्हणाली. "बहिरी न्हाई मी."

मग तिनं पदराखालून चिनी मातीची बरणी काढली. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला गाठीवर गाठ. ती तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "खाली ठेवायची न्हाई. भिवंडीपतोर मांडीवरच."

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्ही त्या दिवशी दारादारांत उभे होतात, तुम्हाला आठवत असेल. आणि तुम्ही जे माझ्यासारखेच चंबूगबाळं उचलून कुठं कुठं जाऊन बसलात, तुमच्याही मांडीवर कुणी ना कुणी काही तरी ठेवलंच असेल. माझ्या मांडीवर चटणी होती.

आमच्या भागाबाहेरच्या मंडळींसाठी इथं खुलासा केलाच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा याच शब्दाचा आहे. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. लाल मिरची, भाजलेला कांदा, लसूण, तीळ, सुकं खोबरं, धणे आणि गरम मसाला एकत्र कांडून जो लालभडक मसाला होतो, ती चटणी. आमटीत ती, भाजीत ती, अंड्यात ती, आणि घरात काहीच नसलं तर भाकरीवर तेल ओतून त्यात ती. हिरव्या वाटणाला आम्ही वाटण म्हणतो. चटणी म्हणजे लाल. विषय संपला.

"ज्या गावात आपली चटणी चालंल, ते गाव आपलं," आई म्हणाली. "न्हाई चालली तर माघारी ये."

एवढं बोलून ती रस्त्यातून बाजूला झाली. रडली नाही. मी मात्र असा गळा काढला की पुढच्या गल्लीतली माणसं कोण गेलं ते बघायला आली. याला कारण होतं. माझं सासर आणि माहेर एकाच गल्लीत. लग्नाच्या दिवशी मी सासरी चालत गेले होते, आणि कुकरची शिट्टी राहिली म्हणून वरमाला गळ्यात असतानाच परत आले होते. म्हणजे निरोप असा मला कधी मिळालाच नव्हता. तो सगळा साठलेला निरोप मी त्या टेम्पोत वसूल केला.

खंबाटकीच्या घाटात फडकं सैल झालं. ड्रायव्हर शिंकायला लागला तो भिवंडी येईपर्यंत थांबला नाही. प्रत्येक शिंकेला टेम्पो एक गचका खायचा आणि आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, देवाचं नाव घ्यायचे. अशा रीतीनं आम्ही नव्या गावात वाजतगाजत, शिंकत प्रवेश केला.

मालकांचं इचलकरंजीतलं सुताचं गोडाऊन बंद पडलं होतं आणि त्यांना भिवंडीजवळ दापोड्याला एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली होती. मुलगी शिकायला पुण्यात. आम्ही घर घेतलं कशेळीला, खाडीच्या जवळ, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला खाडीचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कंटेनरची रांग. मला ती रांग आवडायची. गावात, म्हणजे इचलकरंजीजवळच्या आमच्या खेड्यात, दारावरून दिवसातून एक एसटी जायची आणि तिच्यात कोण बसलंय हे आम्हाला ठाऊक असायचं. इथं एवढ्या गाड्या आणि एकाही ड्रायव्हरचं लग्न कुणाशी झालंय हे मला माहीत नाही! माझ्यासारख्या बाईला हे किती अवघड जात असेल, विचार करा.

बोलायला माणूस नव्हतं. त्यात माझी बोली. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. लिहिताना मी शाळेत शिकवल्यासारखी 'आले, गेले' लिहिते, पण तोंड उघडलं की 'आलो'च. पहिल्याच आठवड्यात बेल वाजली आणि मी आतून ओरडले, "थांबा, आलो आलो!" दार उघडलं तर गॅसवाला माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणतो, "साहेब येतायत ना?" मी म्हटलं, "साहेब मीच." त्यानं सिलिंडर ठेवला आणि पावती न देताच पळाला.

आणि मग एके दिवशी भाजीवाल्याच्या गाडीपाशी पार्वतीबाई भेटल्या.

पार्वतीबाई म्हणजे इथल्या मूळच्या. त्यांच्या भातशेतीवर आज गोडाऊन उभी आहेत, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी आहे, आणि तरीही भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय त्या हलत नाहीत. मी भेंडी निवडत होते. त्यांनी माझ्या हातातली भेंडी काढून घेतली, मोडून बघितली, परत टाकली आणि दुसरी दिली.

"नवी हायस ना गो? तिसऱ्या माल्याची?"

"व्हय."

"घरान बसून काय करतंस? गुरवारी आमचे भिशीला ये. धामनकर नाक्याला. सगल्या बाया येतान."

भिशी! तुम्हाला काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. गावातली आपली भिशी आठवली. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, हप्ता भरायचा, चिठ्ठी निघेल तिनं रक्कम उचलायची, आणि मग खरा कार्यक्रम, म्हणजे पोहे, चहा आणि न आलेल्या बाईबद्दल सविस्तर चर्चा. या परक्या गावातही भिशी आहे! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

गुरुवारी मी मोरपंखी सिल्कची साडी नेसले. केसांत गजरा. लग्नातली ठुशी. पर्समध्ये हप्ता. शेअर रिक्षात दोन हमाल आणि एक कोंबड्यांची पाटी यांच्या मधे मी महाराणीसारखी बसून धामणकर नाक्याला उतरले. पार्वतीबाईंनी सांगितलेल्या गल्लीत शिरले आणि कानांवर आवाज आला. खटक-खट, खटक-खट. आमच्या गावचा आवाज! तिकडं आम्ही माग म्हणतो, इकडं लूम म्हणतात, पण बोलतात दोन्ही तेच. मी भर गल्लीत उभी राहून हसायला लागले. एक कामगार सायकलवरून उतरून विचारायला लागला, "तबियत ठीक है ना?"

गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. आत बायका होत्या हे खरं. पण सतरंजी नव्हती, पोहे नव्हते, चिठ्ठ्यांचा डबा नव्हता. मला आंघोळ घालता येईल एवढी पातेली होती, कांद्याची पोती होती आणि धूर होता.

पार्वतीबाईंनी मला पायांपासून गजऱ्यापर्यंत बघितलं.

"काय गो, लग्नाला चालली का?"

"भिशी..." मी म्हटलं.

"हीच भिशी! बस. कांदं कापाला येतान का?"

तर मंडळी, भिवंडीत भिशी म्हणजे कामगारांची खानावळ. बाहेरगावाहून लूमवर कामाला आलेला माणूस दोन वेळचं जेवण जिथं लावतो, ती भिशी. ही शेडही तशीच एक खानावळ होती. लूम बंद पडायला लागले, जेवणारे गावी परतले आणि ती बुडाली. शेड पार्वतीबाईंची. त्यांनी कुलूप घातलं, पण दोन दिवसांनी बघतात तर पूर्वीचे चार-पाच जेवणारे कुलपाबाहेर येऊन बसलेले. काम नाही, जायला गाडीभाडं नाही, पाय सवयीनं इथंच आलेले. बाईंनी कुलूप काढलं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस दुपारी इथं जेवण होतं, आणि येईल त्याला वाढतात. तांदूळ बाईंचा, भाजी बाजारातून जी मिळेल ती, हात ज्याला वेळ असेल त्याचे. नाव मात्र भिशीच राहिलं.

मी सिल्कच्या साडीत पोतंभर कांदा कापला. डोळ्यांतून धारा, काजळ गालांवर, गजऱ्याला कांद्याचा वास. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

त्या भिशीचा एक नियम होता. राबणारे वेगळे आणि जेवणारे वेगळे असं नाही. सैपाक झाला की सगळ्यांनी एकाच पंगतीत बसायचं. माझ्या एका बाजूला डोंगराकडच्या पाड्यावरून रोजंदारीला आलेली एक बाई बसली, तिला त्या दिवशी काम मिळालं नव्हतं. दुसऱ्या बाजूला अंगभर सुताचे धागे चिकटलेला एक म्हातारा. त्यानं माझी ठुशी बघितली, आपल्या पत्रावळीतला लिंबाचा तुकडा माझ्या पत्रावळीत ठेवला आणि म्हणाला, "खाओ बेटी, शर्माना नहीं." त्याला वाटलं मी मोठ्या घरची, एकाएकी दिवस फिरलेली बाई असेन. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. लिंबू फार चांगलं होतं.

आता घोटाळ्याकडं येऊ.

भिशीचे मुख्य आचारी मुश्ताकभाई. खानावळ होती तेव्हापासूनचे, आझमगढकडचे, मिशीला पीळ आणि डावाला त्याहून जास्त पीळ. दुसऱ्या कुणाच्या हातात ते डाव देत नसत, आणि आम्हा सगळ्यांना 'बाजी', म्हणजे ताई, म्हणत. महिनाभर कांदे कापून झाल्यावर पार्वतीबाईंनी फर्मान काढलं, "आज हिला आमटी करू दे. कोल्हापूरची हाय, तिकट करील." मी आनंदानं घरून बरणी आणली आणि पातेल्याशेजारी ठेवली. मसूर शिजला, फोडणी झाली. तेवढ्यात भात उतरवायला मला हाक आली, तर मी जाता जाता मुश्ताकभाईंना माझ्या उत्तम हिंदीत सांगितलं, "भाईजान, चटणी डालो. हात आखडू नका. बहुत सारी डालो!"

परत येऊन बघते तर आमटी हिरवी.

हिरवी म्हणजे कशी? पावसाळ्यात शेवाळलेल्या विहिरीसारखी. भातावर घ्यायला म्हणून मुश्ताकभाईंनी कोथिंबीर, पुदिना आणि हिरव्या मिरचीची पातेलीभर चटणी वाटून ठेवली होती. ती सगळी त्यांनी माझ्या आमटीत ओतली होती. शेजारी माझी लाल बरणी जशीच्या तशी.

"ये क्या किया?" मी किंचाळले.

"बाजी, आप ही ने तो बोला, चटनी डालो. मैं तो खुद सोच रहा था कि कैसी औरत है!"

पंगत बसलेली. दुसरं काही करायला वेळ नव्हता. पार्वतीबाईंनी वाढायला घेतलं आणि मी खांबामागं जाऊन उभी राहिले. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग कुठून तरी आवाज आला, "ये क्या चीज है?" आणि पार्वतीबाईंनी, ज्या आयुष्यात कधी कल्याणच्या पलीकडं गेलेल्या नाहीत, ठणकावून सांगितलं, "कोल्हापुरी!"

पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. दुसऱ्या गुरुवारी माणसं दारातच विचारायला लागली, "आज कोल्हापुरी है क्या?" आणि भाईंनी मिशीला पीळ देत सांगितलं, "है." म्हणजे जगात आता तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि आमच्या भिवंडीचा हिरवा. या शहरात आज कितीतरी माणसं अशी आहेत, की त्यांना कोल्हापूरची आमटी हिरवी असते हे सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं ठाऊक आहे. त्यांतले काही गावी परत गेले आणि तिकडंही सांगत असतील. मी काय करणार? दर गुरुवारी वर्षभर मी मान डोलावत राहिले. कोल्हापूर जिल्हा लांब होता. कोण बघायला येणार होतं?

आई आली.

नळाला पाणी आलं म्हणून ती कळशी घेऊन धावली आणि घसरली. उजवं मनगट मोडलं. ती तशीच ओट्यापाशी बसून होती, शेजारची मंगल ताक मागायला गेली म्हणून कळलं. मालक जाऊन तिला घेऊन आले. हात गळ्यात, प्लॅस्टर पांढरंशुभ्र, आणि डाव्या काखेत नवी बरणी. उंबरा ओलांडायच्या आधीच तिनं जाहीर केलं, "प्लॅस्टर निघालं की चाललो."

हे ती रोज म्हणायची. उठल्यावर एकदा, झोपताना एकदा. आणि रोज मी ते न ऐकल्यासारखं करून भांडी घासायला लागायचे. मी तिची एकटीच. या वेळी मनगट होतं, पुढच्या वेळी डोकं असेल, आणि मंगलच्या घरी विरजण चांगलं लागलं तर ती ताक मागायला जाणारही नाही. आईनं आता आमच्याकडंच राहावं एवढीच एक गोष्ट मला हवी होती. पण तिला 'राहा' म्हणायची सोय नव्हती. 'राहा' म्हटलं की ती उठून पिशवी भरणार, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

ती खिडकीशी बसून कंटेनर बघायची आणि नाक मुरडायची. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळं डाव्या हातानं चमच्यानं जेवावं लागायचं, त्याची तिला भयंकर लाज. मालकांसमोरसुद्धा जेवायची नाही, भिंतीकडं तोंड करून बसायची. भिशीबद्दल मी एकदा बोलून बघितलं. फुकट जेवण म्हटल्याबरोबर तिनं हात झटकला, डावा. "फुकटचं अंगी लागत न्हाई. आयत्या पंगतीला बसाय मी काय भीक मागाय आलोय व्हय?" मलाही ते बरंच वाटलं. कारण ती तिकडं गेली असती तर तिला हिरवी आमटी दिसली असती, आणि मग ती प्लॅस्टर निघायचीही वाट बघत बसली नसती.

पण नशिबाला नाटकाची हौस असते. मी दोन गुरुवार गेले नाही, तर तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी बेल वाजली. दारात पार्वतीबाई, मागं मुश्ताकभाई, धुतलेला कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा मोठा डबा.

"आई आयलीय ना तुजी? बघाला आलो."

मुश्ताकभाईंनी वाकून सलाम केला आणि डबा आईसमोर ठेवला. "अम्मा, आप बीमार हैं, घर की याद आती होगी. आपके लिए खास आपके गाँव की कोल्हापुरी लाए हैं. बाजी ने ही सिखाई है."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. पार्वतीबाईंनी झाकण उघडलं.

आई डब्यात बघत राहिली. मग माझ्याकडं. मग परत डब्यात. खाली कुठला तरी ट्रक पीं-पीं करत मागं येत होता. समोर मुश्ताकभाई हात बांधून, लहान मुलाच्या निकालाची वाट बघावी तसे उभे.

आईनं डाव्या हाताचं बोट बुडवलं. चाखलं. डोळे मिटले.

"व्हय," ती म्हणाली. "हिरवीच असती आमची."

माझी आई! जत्रेत देवीसमोरसुद्धा जी 'नवस फेडला न्हाई अजून, खोटं कशाला बोलू' म्हणून उभी राहते, ती!

"पण ही कच्ची हाय," आई पुढं म्हणाली. "वरनं वतलीया नुसती. परतली न्हाई. काय चव लागणार?"

मुश्ताकभाईंची मिशी थरथरली. "अम्मा, पूरा धामणकर नाका खाता है."

"खाईना का नाका. मी न्हाई खात."

"मंग उंद्या येऊन करून दाखव ना!" पार्वतीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तोंडानं काय, कोनपन करते आमटी."

"तर! दावतो की. भ्या हाय व्हय कुणाचं?"

दोघं गेले. दार लागलं. मी स्वयंपाकघरात पळायच्या बेतात होते.

"शके."

"काय?"

"कवापास्नं चाललंय हे?"

"वरीस झालं."

"आन् तू गप बसलीस."

"लोक आवडीनं खातात गं. पण तू का व्हय म्हणालीस?"

"परक्या गावात लेकीला तोंडघशी पाडाय मी काय येडी हाय?" ती म्हणाली, आणि परत खिडकीकडं तोंड करून बसली. बराच वेळ कंटेनर बघून झाल्यावर तिनं मान न वळवताच विचारलं, "त्या हिरव्यात लसूण किती घालतोय त्यो?"

दुसऱ्या दिवशी भिशीत आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गळ्यातल्या झोळीत हात, डोक्यावरून पदर, मांडीवर बरणी, समोर चूल. युद्धावर निघालेला सेनापतीही एवढ्या रुबाबात बसत नसेल. आणि या सेनापतीनं ही आमटी जन्मात केलेली नव्हती, हे त्या शेडमध्ये फक्त दोघींना ठाऊक होतं!

"अब क्या, अम्मा?" मुश्ताकभाई डाव घेऊन उभे.

आईच्या पापणीचा केसही हलला नाही. "तेल घाल. अजून. आखडू नगंस. कांदा भाजून वाटून घे. तीळ, खोबरं. लसूण ठेच, आख्खा गड्डा. आता तुझं ते हिरवं घाल आन् परत. तेल सुटस्तवर परत. हात थांबवायचा न्हाई."

तिचं त्यांना अर्धं कळत होतं, त्यांचं तिला पावही कळत नव्हतं, पण हात बरोबर चालले होते. शेडभर असा वास सुटला की शेजारच्या लूमवरचे दोघं 'पाणी प्यायला' म्हणून आले आणि तिथंच बसले. मसूर पडला. उकळी आली. मुश्ताकभाईंनी झाकण ठेवायला घेतलं.

"थांब," आई म्हणाली. "आता चटणी घाल."

"चटनी तो डाल दी, अम्मा!"

"ती तुझी." आईनं बरणी पुढं केली. "ही माझी."

लाल मूठ हिरव्यात पडली. मुश्ताकभाईंनी डाव फिरवला. रंग ना हिरवा राहिला ना तांबडा, न घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा झाला. त्यांनी तळहातावर थेंब घेतला, चाखला आणि टोपी मागं सरकवली.

"अम्मा, ये पहले क्यों नहीं बताया?"

"इचारलं कुणी?"

पंगत बसली. आईला उठवायला मी पुढं झाले नाही, खांबापाशीच उभी राहिले. पार्वतीबाईंनी तिच्यासाठी पत्रावळ मांडली. आई त्या पत्रावळीकडं बघत राहिली, मग आपल्या प्लॅस्टरकडं, मग तिच्यासाठी सरकून जागा केलेल्या लिंबूवाल्या म्हाताऱ्याकडं. "आज फुकटचं न्हाई," ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "मोडक्या हातानं राबलोय." आणि बसली. डाव्या हातानं जेवली, सगळ्यांच्या देखत. कुणी तिच्या हाताकडं बघतच नव्हतं. सगळे आमटीकडं बघत होते.

मग ती प्रत्येक गुरुवारी आली. नंतर बाकीचे दोन दिवसही. मुश्ताकभाईंशी तिची भांडणं व्हायची, मीठ कुणी घातलं आणि झाकण कुणी काढलं यावरून, ती कोल्हापुरीत आणि ते आझमगढीत, आणि दोघंही जिंकायचे. पण 'प्लॅस्टर निघालं की चाललो' काही थांबलं नाही. रोज सकाळी एकदा, रात्री एकदा.

आणि प्लॅस्टर निघालं.

दवाखान्यातून घरी आलो. आई सोफ्यावर बसून मूठ उघडत होती, मिटत होती. मालक सरळ माणूस. त्यांनी फोन काढला आणि विचारलं, "आई, गाडीचं तिकीट बघू का?" मी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यांचं आयुष्य थोडं कमी झालं असेल. आईनं परत मूठ उघडली, मिटली. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. मंगल. आईला स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळं मंगल जणू आमच्या हॉलमध्येच उभी होती.

"काकू, निघालं का प्लॅस्टर? कधी येतायसा?"

"निघालं गं." आई थांबली. खिडकीबाहेर बघितलं. "पण आता कसं येऊ? गुरवारी भिशी असती."

"अगं बया! ह्या वयात भिशी लावलीसा?"

आईनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मी तिला आयुष्यात प्रथमच खोडकर बघितलं, आणि मला एकदम कळलं की मी कुणावर गेलेय.

"व्हय," ती म्हणाली. "लावली."

"किती महिन्यांची?"

"लांबची हाय बाई. आन् एकदा लावल्याव मधीच सोडता येत न्हाई बघ."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडले, टेम्पोत रडले होते तशीच, फक्त उलट्या कारणासाठी.

मंगलला अजूनही वाटतं की आई पैशांची भिशी खेळते. गावात तशी चर्चा आहे, हे मला माहीत आहे, आणि मी खुलासा केलेला नाही. कशाला करू? यात खोटं ते काय आहे? प्रत्येकानं आपापलं टाकायचं, ज्याची पाळी येईल त्यानं उचलायचं, आणि मधेच कुणी उठून जायचं नाही. गावाला मी घर म्हणायचे तेही याचसाठी असावं, फक्त तेव्हा मी तिथं जन्मले असल्यानं माझा हप्ता आईच भरत होती. वर्षातून एकदा आम्ही दोघी चटणी कांडायला गावी येतो, तुमच्या ओट्यावर बसतो, तुमचा चहा पितो, आणि परतताना आईच्या मांडीवर बरणी असते. आता ती टेम्पोपुढं उभी राहत नाही. आत खिडकीशी बसते आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगते.

तुम्हीही या एकदा. धामणकर नाक्याला उतरा आणि कुणालाही कोल्हापुरीची भिशी विचारा. फक्त तिथं चटणी मागितलीत तर कोणती ते सांगा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं.

बास. आज गुरुवार आहे, खालून पार्वतीबाई हाका मारतायत आणि आई केव्हाची चपला घालून दारात उभी आहे. मी चाललो. बघा, लिहितानाही तेच आलं. राहू दे तसंच.